पहिला प्रोग्राम नको, पहिली फजिती सांगा

परवा एका नव्या सहकाऱ्याने विचारलं, "तेव्हा एक प्रोग्राम चालवायला अख्खी रात्र का लागायची?" रात्र मशीनला लागत नसे, सगळ्यांच्या कामांच्या रांगेला लागायची, हे समजावता समजावता जेवणाची सुट्टी संपली. म्हणून हा धागा. पंच कार्ड (भोकं पाडून प्रोग्रामच्या ओळी नोंदवायचे पुठ्ठे), कॅसेट, फ्लॉपी असो, की फोरट्रान, कोबोल, बेसिक या प्रोग्राम लिहायच्या भाषा, काहीही चालेल. अट एकच: यशोगाथा नको. सुरुवात मीच करतो.

फोरट्रानची एक ओळ म्हणजे एक कार्ड, त्यावर ८० रकाने. पहिले पाच लेबलचे, सहावा मागची ओळ पुढे चालू आहे हे सांगायला, आणि खरा मजकूर ७ ते ७२ मध्ये. ७३ ते ८० मध्ये कार्डाचा अनुक्रमांक टाकायची सोय होती. मी आळसाने कधी टाकला नाही. मग एकदा चारशे कार्डांचा गठ्ठा जिन्यात हातातून सुटला. पायरीवर बसून एकेक कार्ड वाचत लावलं. तेव्हापासून गठ्ठ्याच्या कडेवर मार्करने तिरकी रेघ मारायला लागलो. कार्ड इकडचं तिकडे झालं की रेघ तुटलेली दिसते.

एवढं करून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं ते चुकीचं. सरासरी ज्यात साठवायची त्या व्हेरिएबलला मी 'मीन' (MEAN) नाव दिलं होतं. फोरट्रानमध्ये आय ते एन यांपैकी अक्षराने सुरू होणारं नाव, तुम्ही वेगळं सांगितलं नाहीत तर, पूर्णांक धरलं जातं. ७.८ चे मुकाट ७ झाले होते.

*

तिरकी रेघ आम्हीही मारायचो. पण गठ्ठ्यात दहा-बारा दुरुस्त्या झाल्या की नव्या कार्डांवर रेघ नसायची आणि कड खाल्लेल्या कंगव्यासारखी दिसायची. असो, मी कोबोलवाली.

कोबोलला लोक शब्दबंबाळ म्हणतात. मला ती कधीच तशी वाटली नाही. सहा वर्षांनी दुसऱ्याचा प्रोग्राम उघडला तरी वाचता यायचा. माझी तक्रार पूर्णविरामाबद्दल. 'इफ'च्या वाक्याअखेर टिंब द्यायचं राहून गेलं की पुढचं वाक्यही त्या अटीत जाऊन बसतं. कंपायलर (प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा) हूं की चूं करत नाही. सगळं बरोबर दिसतं, फक्त काही लोकांची एक वजावट होत नाही. ती कुणाची होत नाही हे शोधायला मी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या १३२ रकानी कागदाची लांबलचक घडी जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर बसून, पट्टी लावून वाचली होती. टिंब होतं, पण फक्त कागदावर, प्रोग्राममध्ये नाही. प्रिंटरच्या रिबनचा डाग!

वाय-टू-केच्या, म्हणजे २००० साल लागतानाच्या, वेळची एक गंमत. वर्षाला दोनच अंक, आणि वयाचा रकाना चिन्हाविना. १९६५ सालच्या माणसाचं २००० मधलं वय काढायला ०० मधून ६५ वजा केले, उणे ६५ आले, उणे चिन्ह ठेवायला जागा नाही म्हणून गळलं. चाचणीत पस्तिशीची माणसं थेट निवृत्तीच्या यादीत. ज्यांना दाखवलं त्यांच्यापैकी दोघांनी विचारलं, "हे असंच ठेवता येईल का?"

*

माझं सगळं कॅसेटवर. झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक, ४८ केबी मेमरी, रबराची बटणं. एक बटण दाबलं की अख्खा 'प्रिंट' शब्द उमटायचा, त्यामुळे मला कित्येक दिवस वाटायचं की संगणकावर टायपिंग म्हणजे असंच. प्रोग्राम लोड होताना पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावायचे आणि टेपमधून किंचाळी. चार-साडेचार मिनिटं श्वास रोखून बसायचं, आणि शेवटच्या क्षणी 'टेप लोडिंग एरर'. मग बारीक स्क्रूड्रायव्हरने टेपच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा. आवाज जितका कर्कश, तितकं हेड बरोबर. दुसऱ्याने भरलेली कॅसेट आली की पुन्हा स्क्रू फिरवा, आणि मग आपली स्वतःचीच जुनी कॅसेट चालेना!

*

डीबेस, माहितीच्या नोंदी ठेवायचं ते सॉफ्टवेअर, आठवतंय का कुणाला? नुसतं टिंब लुकलुकणारा तो पडदा. 'डिलीट' म्हटलं तरी रेकॉर्ड जात नसे, त्यावर खूण व्हायची. 'रिकॉल'ने परत यायचं, 'पॅक' म्हटल्यावरच कायमचं जायचं. इतकी सभ्य व्यवस्था! आणि शेजारीच 'झॅप', म्हणजे सगळं साफ. 'खात्री आहे का' हे विचारणं मी कंटाळून बंद करून ठेवलं होतं. बॅकअप तीन फ्लॉप्यांवर होता. पहिली वाचली. दुसरीवर ड्राइव्ह कर्र... कर्र... करत तिथेच थांबला. पुढचे नऊ दिवस आम्ही तिघे छापील कागदांवरून माहिती पुन्हा भरत होतो. त्यातल्या एकीने त्या नऊ दिवसांत माझ्याशी फक्त आकडे बोलले.

*

माझं थोडक्यात. पास्कल भाषेत लिहिलेला, वर्षानुवर्षं चाललेला प्रोग्राम नव्या वेगवान मशीनवर सुरूच होईना. 'रनटाइम एरर २००', म्हणजे शून्याने भागाकार. मी कुठेही भागाकार केलेला नव्हता! दोन दिवसांनी कळलं, कंपायलरसोबत येणारा एक तयार भाग सुरुवातीला मशीनचा वेग मोजायचा: घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, रिकामं लूप (काहीच न करता पुन्हा पुन्हा चालणारी आज्ञा) किती वेळा फिरतं ते. त्या संख्येला ५५ ने भागायचा. मशीन इतकं वेगवान झालं की उत्तर त्यासाठीच्या १६ बिटांच्या जागेत मावेना, आणि प्रोसेसर ते शून्याने भागल्यासारखंच कळवायचा.

*

वरच्यांना: निदान तुमचा प्रोग्राम सुरू व्हायचाच थांबला. मी खेळातला वेग रिकामी लूप फिरवूनच सांभाळला होता. नव्या मशीनवर चेंडू दिसायच्या आत खेळ संपायचा.