पाचवीतल्या मुलाला सायकलवर शाळेत पाठवायचं का? (जुळे सोलापूर)

जुळेसोलापूरकरीण:
मुलगा यंदा पाचवीत गेला. आम्ही जुळे सोलापुरात, शाळा विजापूर रोडच्या पलीकडं, दीड-दोन किलोमीटरवर. आत्तापर्यंत रिक्षा होती. रिक्षावाले मामा स्वभावानं चांगले, पण एका रिक्षात किती पोरं बसवतात हे सोलापूरकरांना सांगायला नको. दोघं मामांच्या शेजारी अर्ध्या सीटवर, दप्तरं बाहेर हुकाला. आता चिरंजीवांनी जाहीर केलंय, मी सायकलनंच जाणार.

सासूबाई म्हणतात, एकुलता एक आहे, नसते उद्योग नकोत. मिस्टर म्हणतात, मी सोडतो की गाडीवर. म्हणजे पंधरा दिवस सोडतील, मग ते काम माझ्याच गळ्यात. पुतण्याची 26 ची सायकल आमच्याकडं नुसती पडून आहे, ती चालेल का? पाठवायचं तर काय काय बघायचं? ज्यांची मुलं खरंच सायकलनं जातात त्यांनी सांगा, प्लीज.

नवीपेठकर:
काय करलालाव ओ ताई, विजापूर रोडला सायकल? आमच्यासारखी मोठी माणसं जीव मुठीत धरून जातात तिथनं. रिक्षाच बरी.

साखरपेठ_सायकलवाला:
नवीपेठकर, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण मग रस्ता बदला की, सायकल कशाला बंद करताय?

साखर पेठेत वडिलांपासून आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटली की दारात सायकलींची रांग लागायची. आता शाळा सुटल्यावर पोरं येतात.

ताई, पुतण्याची 26 ची आधी बाजूला ठेवा. दहा-अकरा वर्षांच्या पोराला उंची बघून 20 नाहीतर 24 चं चाक. "अंगाबरोबर वाढेल" म्हणून शर्ट मोठा घेतला तर चालतो, सायकल नाही. सीटवर बसवा, दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. एक पाय टेकवायला सायकल कलवावी लागत असेल तर ती त्याची सायकल नव्हे.

मग ब्रेक. आईबाप इथंच बघत नाहीत. बऱ्याच सायकलींचा लिव्हर मोठ्या माणसाच्या पंजाच्या मापाचा असतो. पोराची बोटं पोचत नाहीत, म्हणून ते मुठीवरची पकड सोडून लिव्हर धरायला जातं आणि नेमकं तेव्हाच हँडल हलतं. काही लिव्हरच्या बुडाशी बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर मुठीजवळ येतो, मग वायर परत जुळवून घ्यायची. स्क्रू नसला तर लिव्हरच लहान मापाचा बसवून घ्या, फार खर्चाचं काम नाही. ब्रेक रबर रिमला बसतंय का, टायरला घासतंय का, तेही बघा. आणि पोराला सांगा, दोन्ही ब्रेक एकदम. पुढचा एकटा करकचून दाबला तर पोर हँडलवरून पुढं जातं.

डबा, पाण्याची बाटली, पिशवी हँडलला अजिबात अडकवायची नाही. वळताना पिशवी चाकात जाते. दप्तर मागं कॅरियरला पट्ट्यानं बांधा. घंटी हवीच, मागं लाल रिफ्लेक्टर हवा. बाकी स्टिकर, रंगीत लाइट त्याला काय लावायचं ते लावू द्या.

जुळेसोलापूरकरीण:
बापरे, लिव्हरचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. सायकल छोटीच घेऊ. पण दादा, माझी खरी भीती विजापूर रोड ओलांडायची. आतल्या गल्ल्यांमधनं तो एकटा किराणा आणतो, तिथली काळजी नाही.

साखरपेठ_सायकलवाला:
तो रस्ता सायकलवर बसून ओलांडायचाच नाही. सिग्नलला उतरायचं, सायकल हातात धरायची, पायी पलीकडं. हा नियम पहिल्या दिवसापासून, मित्र हसले तरी.

पलीकडं जायचं शिकवायचं म्हणजे नुसतं "नीट जा" म्हणून होत नाही. सायकल द्यायच्या आधी रविवारी त्याच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जा. तो पुढं, तुम्ही मागं. कधी थांबायचं, कधी निघायचं हे त्यानं ठरवायचं आणि मोठ्यानं सांगायचं. तुम्ही गप्प राहायचं, फारच झालं तर दंडाला धरायचं. या वयात बऱ्याच पोरांना गाडी दिसते, पण ती किती वेगानं येतेय याचा अंदाज नसतो. तो काय बघतोय आणि काय त्याला दिसतच नाही, हे तुम्हाला मागनं चालताना कळेल. जिथं फूटपाथ नाही तिथं पायी उजव्या कडेनं, म्हणजे समोरची गाडी दिसते. सायकलवर मात्र डावी बाजूच, उलट दिशेनं कधी नाही.

आणि ऊस. दिवाळीनंतर कारखान्यांचा हंगाम भरात आला की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. पहिली पुढनं गेली की पोराला वाटतं, संपलं, आणि ते पाय टाकतं. मागची ट्रॉली तेव्हा यायची असते! ट्रॅक्टरवाल्याला तिथं खाली पोर आहे हे दिसतही नाही, वर गाणी जोरात. ट्रॅक्टर दिसला की थांबायचं, शेवटचं चाक पुढं जाईपर्यंत. हे त्याला रस्त्याकडेला उभं करून प्रत्यक्ष दाखवा.

निवृत्त_बाई:
मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. हमरस्त्याइतकंच लक्ष शाळेच्या फाटकाकडं ठेवा. आमच्या फाटकासमोर दहा मिनिटं जो गोंधळ व्हायचा तो पालकांच्याच गाड्यांचा. जो तो आपलं लेकरू अगदी दारात उतरवणार, त्यासाठी राँग साइडनं घुसणार, मग चालत येणारी पोरं त्या गाड्यांच्या मधून वाट काढणार. पालकसभेत चार जणांनी मिळून मागणी करा, गाड्या पन्नास पावलं अलीकडंच थांबवा. एकट्यादुकट्याचं मुख्याध्यापक ऐकून घेतात आणि विसरतात.

दुसरं, आत्ता सायकलची सवय लागली तर आठवी-नववीत "मला स्कूटी द्या" हा हट्ट थोडा तरी लांबतो. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही. तरी पोरं गाड्या घेऊन येतातच, आणि आईबाप कौतुकानं सांगतात.

नवीपेठकर:
बाई, हे पटलं. आमच्या गल्लीतच तीन आहेत असले.

जुळेसोलापूरकरीण:
आमच्या अपार्टमेंटमधली अजून दोन मुलं त्याच शाळेत आहेत, त्यांच्या आईशी बोलते. तिघं मिळून गेले तर सासूबाईही तयार होतील. उन्हाळ्याचं काय? आणि हेल्मेट?

साखरपेठ_सायकलवाला:
तिघं असतील तर एकामागं एक, जोडीनं गप्पा मारत नाही. मार्चपासून शाळा सकाळची झाली तरी सुटेपर्यंत आपल्याकडं ऊन डोक्यावर असतं. एप्रिलमध्ये पारा चाळीशी ओलांडतो तेव्हा सरळ रिक्षा किंवा मिस्टर, त्यात हट्ट नको.

हेल्मेट घ्याच. पोराला सोबत न्या, घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखालच्या पट्ट्यात एखाद-दोन बोटं जातील इतकंच सैल. खाली टोपी घालायची नाही, हेल्मेट सरकतं. आणि हवा दर रविवारी त्यालाच भरू द्या.