मदत हवी आहे: मुलाला लागलं तर हॉस्पिटल गाठेपर्यंत काय करायचं? (ठाणे, घोडबंदर रोड)

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी कासारवडवलीच्या पुढे. मुलं भरपूर, आणि संध्याकाळी घोडबंदर रोडची काय अवस्था असते ते ठाणेकरांना सांगायला नको. माजिवडा गाठणं म्हणजे नशिबाचा भाग. कमिटीने प्रथमोपचाराची पेटी आणि लिफ्टजवळ लावायचा सूचनांचा कागद हे काम माझ्या गळ्यात घातलंय.

निमित्त झालं ते घसरगुंडीवरून पडलेल्या एका मुलीचं. कोपर टम्म सुजलं, हात वाकडा दिसत होता. एक काका "निखळलाय, आत्ता बसवतो" म्हणत पुढे सरसावले, एक आजी हळद-तेल घेऊन आल्या, कुणी ग्लुकोजचं पाणी पाजायला बघत होतं. तिच्या आईने सगळ्यांना बाजूला सारलं, हात होता तसाच ओढणीने छातीशी बांधला आणि रिक्षा पकडली. मला ते पटलं, पण कागदावर लिहायचं तर खात्री हवी.

१०८ ची वाट बघायची की गाडी काढायची, हे कसं ठरवायचं? डोक्यावर पडलेलं मूल थोडं रडून परत खेळायला लागलं तर सोडून द्यायचं का? आणि भाजल्यावर नेमकं काय?

व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड कृपया नकोत, ते आमच्या ग्रुपवर रोज येतात.

रातपाळी:
मी लहान मुलांच्या आयसीयूत सिस्टर आहे. त्या आईचं शंभर टक्के बरोबर. कोपराच्या हाडाला लागूनच रक्तवाहिनी आणि नसा जातात. ओढाताण केली तर त्यांना इजा होते. बोटं गार किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या तर हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या सांगायचं. आणि पाणीसुद्धा पाजू नका, भूल द्यायची वेळ येऊ शकते.

मूल शुद्धीवर आहे, नीट श्वास घेतंय, रक्त थांबलंय, तर गाडी काढा. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मुलाजवळ बसायचं. बेशुद्ध आहे, श्वासाला त्रास होतोय किंवा उंचावरून मानेवर-पाठीवर पडलंय, तर उचलाउचल न करता १०८. श्वासच नसेल तर फोन स्पीकरवर टाकून लगेच सीपीआर: ३० वेळा छाती दाबायची, २ श्वास द्यायचे, वेग मिनिटाला १०० ते १२०.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका. २० किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असतं जेमतेम दीड लिटर, त्यामुळे "थोडंसंच गेलंय" हा मोठ्या माणसाचा हिशोब इथे लावू नका. काही रुतलं असेल तर उपसायचं नाही.

डोक्याला लागल्यावर पुन्हा पुन्हा उलट्या, गुंगी, झटका, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही दिसलं की निघा. खेळणाऱ्या मुलावरही दिवसभर लक्ष हवं. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर लक्षणांची वाट न बघता दाखवा.

खाडीकाठ:
भाजल्यावर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही. मात्र मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणीच चटके देतं, तेव्हा पिण्याचं साधं पाणी ओता.

अजून एक. आमच्याकडे (ऐरोली) ॲम्ब्युलन्स आली आणि विंग शोधत आवारातच फिरत राहिली. वॉचमनपैकी एक गेटवर, एक लिफ्ट धरून, हे कागदावर घाला. रात्री मुलांचे आणि हाडांचे डॉक्टर कुठे असतात ते जवळच्या दोन-तीन ठिकाणी आधीच फोन करून विचारा. कळव्याचं पालिकेचं रुग्णालय मोठं आहे, पण तुमच्याकडून खाडी ओलांडून जावं लागेल.

धागाकर्ती:
दोघांचे आभार, कागद आजच बदलते. मुलांचं सीपीआर बाहुलीवर प्रत्यक्ष शिकवणारं कुणी ठाण्यात माहीत आहे का? रविवार सकाळ चालेल, हॉल आमचा.