पहिला दिवस वाया जात नाही

ओव्हरलँड सफारीचा, म्हणजे ट्रकमधून गटाने फिरत तंबूत मुक्काम करायच्या सहलीचा, पहिला दिवस नुसता प्रवासात वाया जातो, या मताशी मी सहमत नाही. केनियातल्या नैरोबीहून मसाई मारा अभयारण्यासाठी निघालेला आमचा ट्रक लिमुरूच्या बाजूने चढून कड्यावर आला आणि खाली रिफ्ट व्हॅली ही प्रचंड खचदरी एकदम उघडी पडली, तेव्हा वीस अनोळखी माणसे एकाच वेळी गप्प झाली होती. त्याच उतारावर, माई माहियूजवळ, इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ मध्ये बांधलेले चिमुकले चर्च आहे. रस्ता बांधता बांधता त्यांनी ते उभारले. गाडी तिथे थांबत नसेल, तर चालकाला जरूर विनंती करावी. पुढे नारोक हे शेवटचे मोठे गाव असल्यामुळे पाणी आणि सुटे शिलिंग (केनियाचे चलन) तिथेच घ्यावेत.

खरी परीक्षा मुक्कामावर होते. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो, सातच्या सुमारास मिट्ट काळोख होतो, म्हणून तंबू उजेडातच उभारावा. आम्ही उशीर केला आणि बॅटरी दातांत धरून खुंट्या ठोकल्या. तंबूतल्या माझ्या जोडीदारीणबाईंनी, ज्यांचे नावही मला सकाळपर्यंत ठाऊक नव्हते, दोरी ताणून धरली नसती तर तंबू उभा राहिलाच नसता. जेवणानंतर ताटल्या फडक्याने न पुसता हवेत हलवून वाळवायच्या असतात, कारण ओल्या फडक्यातून पोटाचे विकार साऱ्या गटात पसरतात. उंचीमुळे रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा स्वेटर मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवू नये.