मदत हवी आहे: सात वर्षं स्पार्क मारतोय, आता पुढं काय शिकू?

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. गाव परतूरकडचं, नोकरी जालन्यात, एमआयडीसीतल्या एका सळई कारखान्याच्या लॅबमध्ये. भट्टीवरून पोरगं बाथचं (वितळलेल्या लोखंडाचं) सॅम्पल चिमट्यात धरून पळत आणतं. पाण्यात विझवलेलं असतं, तरी बोटाला चटका बसतोच. मी ते ग्राइंडरवर घासतो, स्पेक्ट्रोवर (ठिणगी मारून धातूत काय किती आहे ते सांगणारं मशीन) ठेवतो, आरगॉनचा फुस्स आवाज, स्पार्क, आणि पडद्यावर कार्बन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस. आकडे फोनवर खाली सांगायचे, रजिस्टरला मांडायचे, तोवर पुढचं सॅम्पल दारात. एका शिफ्टला असं किती वेळा होतं ते मोजायचं कधीच सोडलं.

मागच्या महिन्यात रजा टाकून संभाजीनगरला एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेलो. अनुभव सात वर्षांचा, त्यामुळं छाती फुगलेली. पहिलाच प्रश्न आला, "तुमच्या स्पेक्ट्रोची कार्बनची अनसर्टंटी किती?" म्हणजे आकडा किती इकडंतिकडं असू शकतो. मी म्हणालो, "सर, मशीन इम्पोर्टेड आहे." कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. मग विचारलं, सल्फर जास्त आला तर भट्टीवाल्याला काय सांगता? मी खरं तेच सांगितलं, आकडा सांगतो. परतीच्या एसटीत बदनापूर येईस्तोवर डोक्यात तेच. ही सात वर्षं मी नेमकं केलं काय?

कंपनीला दोष द्यायचा तर भरपूर देता येईल. माझ्या ट्रेनिंग फाईलीत अकरा ट्रेनिंगं आहेत. ऑडिटच्या आदल्या दिवशी एकाच पेनानं सगळ्यांच्या सह्या होतात. मी खरोखर बसलो फक्त एकात, आग विझवायच्या. पण त्या कागदांवर सही माझीच आहे, आणि "हे शिकवा की सर" असं मी एकदाही म्हणालो नाही. शिफ्ट सुटली की मोबाईल, नाहीतर गावाकडं सोयाबीन.

तर विचारायचं असं:

डिस्टन्सनं एमबीए करावं असं मेहुणे म्हणतात, मित्र म्हणतो एम.एस्सी. कर. मला वाटतं १७०२५ चा, म्हणजे लॅबच्या कामाच्या मानकाचा, कोर्स करावा. खिशात वीस-पंचवीस हजार आहेत, त्याच्या वर नाही. आणि आठवड्याआड नाईट असते, तेव्हा पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. तुमच्यापैकी कुणी नोकरी सांभाळून, कंपनीनं काही न देता, स्वतःच्या जोरावर पुढं गेलं असेल तर सुरुवात कुठून केली ते सांगा. साहेबाला काय आणि कसं विचारावं तेही.

मेल्टरमामा: भौ, मी तीस वर्षं भट्टीवर काढली, तुझ्यासारखे लई केमिस्ट पाह्यले. फोनवर आकडा फेकायचे, खाली उतरून कोणी येत नव्हतं. तुला सल्फरचा प्रश्न काहून विचारला सांगू? आपल्याकडच्या इंडक्शन भट्टीला अस्तर असतं सिलिकाचं, आम्लधर्मी. त्यात चुन्याचा स्लॅग (मळी) करून सल्फर-फॉस्फरस काढायला गेलं तर आधी अस्तरच खाऊन टाकतो. म्हणजे स्क्रॅप आणि स्पंज आयर्नमधून जे आत आलं ते बहुतेक सळईत जाणार. मग इलाज चार्जिंगच्या आधी, यार्डात! कोणत्या ढिगाचा माल किती घेतला तेव्हा सल्फर किती आला, हे ज्याला तोंडपाठ त्याला मालक स्वतः चहा पाजतो. तुझ्याकडं सात वर्षांची रजिस्टरं पडून आहेत. रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास यार्डात ये. कोर्स-बिर्स मग बघू.

नांदेडचा_पाहुणा: सरळ सांगतो, राग मानू नका. सात वर्षांत जिथं कोणी शिकवलं नाही, तिथं आठव्या वर्षी शिकवणार नाही. दर दोन महिन्यांनी एक मुलाखत द्या. नोकरी मिळो न मिळो, बाजारात काय विचारतात ते फुकट कळतं. बाकी मामांचं खरंय.

काठावरची_लॅब: दादा, मी चिकलठाण्याला एनएबीएलवाल्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) लॅबमध्ये आहे. एमबीएचं सध्या राहू द्या, मुलाखतीत अडलात ते मॅनेजमेंटला नाही. कोर्स करायचाच असेल तर १७०२५ चाच करा, पण आधी फुकटचं संपवा. एनएबीएलच्या साइटवर १४१ नंबरचं डॉक्युमेंट आहे, अख्खं अनसर्टंटीवर. आयएस १७८६, म्हणजे सळईचं मानक, बीआयएसच्या पोर्टलवर नोंदणी केली की उतरवता येतं, ते स्वतः वाचा, भिंतीवरच्या तक्त्यावर जाऊ नका. आयआयटी कानपूरची स्टील मेकिंगची व्याख्यानं एनपीटीईएलवर (ऑनलाइन व्याख्यानांची साइट) आहेत. नाईटच्या आठवड्यात वाचायचा हट्ट करू नका, बसमध्ये कानात घालून नुसतं ऐका.

आता अनसर्टंटी. घाबरायसारखं त्यात काही नाही. एकाच सॅम्पलवर दहा स्पार्क मारा. एका तोंडावर पाच-सहा बसतात, मग परत घासा. दहा आकड्यांचं प्रमाण विचलन काढा, हा झाला तुमच्या हाताचा आणि मशीनचा डगमगपणा. सीआरएमच्या (मशीन तपासायच्या प्रमाणित नमुन्याच्या) सर्टिफिकेटवर त्याची स्वतःची अनसर्टंटी असते, शेजारी k=२ (म्हणजे दुप्पट करून लिहिलेली) असेल तर ती निम्मी करून घ्या. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज, वर्गमूळ, दोननं गुणा. आणखीही घटक धरावे लागतात, पण पहिल्या दिवसाला एवढं पुष्कळ. हे जमलं की ५००डी ग्रेडच्या सळईत कार्बनची मर्यादा ०.२५ टक्के असताना तुमचा आकडा ०.२४८ आला तर रात्री झोप का लागू नये, ते कळेल.

साहेबाकडं "ट्रेनिंगला पाठवा" म्हणून जाऊ नका, खर्च म्हटलं की दार बंद. केलेला कागद घेऊन जा.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. उशीर झाला, मध्ये नाईट होती.

दहा स्पार्क मारले. सरासरी ०.२४२, विचलन ०.००१५. हा एवढासा आकडा सात वर्षं माझ्यासमोरच्याच मशीनमध्ये होता! आणखी एक गंमत म्हणजे पहिल्या पाचांत मी सॅम्पल घाईत घासलं होतं, त्यातले दोन आकडे वेडेवाकडे आले, ते टाकून परत घेतले. (टाकायला नको होते का? लॅबवाल्या ताई, हे सांगा.)

यार्डात चार दिवस गेलो. आमचा मेल्टर पहिल्या दिवशी म्हणाला, "काय साहेब, रस्ता चुकले का?" चौथ्या दिवशी त्यानंच एका ढिगाकडं बोट दाखवलं, हा माल पडला की सल्फर चढतो म्हणाला. रजिस्टरात मागं जाऊन बघतोय, अजून तरी त्याचं बरोबर निघतंय.

कागद साहेबांना दाखवला. "रिकामा वेळ लई दिसतोय तुला," म्हणाले. पण कागद परत दिला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला. कोर्सचं अजून काढलं नाही. पुढच्या महिन्यात काढतो, नाहीतर माझ्या पैशानं करतो.

आता एक नवीनच भानगड. सीआरएमचं सर्टिफिकेट शोधायला कपाट उपसलं तर फाईलीच्या तळाशी सापडलं, २०१६ चं, इंग्रजीत बारीक अक्षरात. त्याची मुदत नेमकी कुठं लिहिलेली असते? आणि ती संपलेली निघाली तर आधी साहेबांना सांगू, की माझे दहा स्पार्क आधी बाद धरू?