अंगणातील गवतासाठी व्हिनेगर आणि मिठाचे घरगुती तणनाशक वापरावे का?

प्रश्न:
आमच्या अंगणात शहाबादी फरशी असून पावसाळ्यात तिच्या सांध्यांमधून हराळी आणि लव्हाळा सतत उगवत राहतो. फरशीला लागूनच मोगरा आणि कढीपत्त्याचा वाफा आहे, शिवाय दोन वर्षांची नात दिवसभर तेथेच खेळत असते, त्यामुळे बाजारातील तणनाशक फवारण्याची माझी तयारी नाही. व्हिनेगर, मीठ आणि भांडी घासण्याचा द्रवसाबण एकत्र करून फवारल्यास गवत मरते, असे वाचनात आले. याचे प्रमाण काय ठेवावे आणि वाफ्यातील झाडांना त्याची बाधा होईल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर:
एक लिटर व्हिनेगरमध्ये चहाचा एक चमचा साबण पुरेसा होतो. पाणी मिसळू नये, कारण स्वयंपाकघरातील व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल मुळातच ४ ते ५ टक्के असते. हे आम्ल पानांच्या पेशींची आवरणे फोडते आणि साबणामुळे द्रावण पानाच्या मेणचट थरावरून ओघळून न जाता पसरून बसते, म्हणून उघडीप पाहून भर उन्हात फवारलेले कोवळे तण त्याच दिवशी करपते. मात्र ते जेथे लागते तेवढाच भाग जळतो. नुकतीच दोन-चार पाने फुटलेली रोपे मरतील, पण हराळीची जमिनीखालची खोडे आणि लव्हाळ्याच्या गाठी शाबूत राहतात आणि त्यांतून पुन्हा कोंब येतात.

मीठ मात्र आपण घालूच नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी स्वतः कुंपणाच्या कडेला मिठाचे पाणी ओतले होते. ते पावसाबरोबर उताराने लिंबाच्या आळ्यात उतरले, पानांच्या कडा करपत गेल्या आणि हाताने वाढवलेले ते झाड मला वाचवता आले नाही. मीठ कुजत नाही की विरघळून नाहीसे होत नाही. ते पाण्याबरोबर फक्त दुसरीकडे जाते आणि आपल्याकडे ती दुसरी जागा म्हणजे मोगऱ्याचा वाफा आहे. पडीक जागेतील गाजरगवतावर मिठाचे १५ ते २० टक्क्यांचे द्रावण फवारतात हे खरे, पण तेथे पुढे काही लावायचे नसते.

दुसरे उत्तर:
फरशीचाही विचार व्हावा. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे आणि चुनखडीवर आम्ल पडले की ती झिजते, त्यामुळे वारंवार फवारल्यास फरशी खरबरीत आणि पांढुरकी होईल. तसेच फवारणीच्या बाटलीत पूर्वी ब्लीच भरलेले असल्यास ती वापरू नये, कारण ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

तिसरे उत्तर:
सांध्यांसाठी मी उकळते पाणी वापरते. किटलीच्या चोचीतून बारीक धार थेट गवताच्या बुंध्याशी सोडायची आणि आठ-दहा दिवसांनी कोंब दिसताच पुन्हा सोडायची. वाफ्यापासून वीतभर अंतर ठेवावे आणि हे काम नात झोपलेली असताना करावे. हराळी यात हळूहळू दमते. लव्हाळा मात्र दमत नाही. पाऊस पडून माती मऊ झाली की खुरप्याने खोल जाऊन गाठीसकट काढावा लागतो, कारण नुसता उपटला तर पात हातात येते आणि गाठ आतच राहते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिठाचा विचार मी सोडला आहे आणि उद्यापासून उकळत्या पाण्याने सुरुवात करीन. खुरपून निघालेल्या गाठी घरच्या कंपोस्टच्या ढिगात टाकल्या तर चालतील का?

तिसरे उत्तर देणाऱ्यांकडून:
ओल्या गाठी टाकू नयेत. त्या ढिगातच फुटतील आणि खताबरोबर पुन्हा वाफ्यात येतील. कोरड्या फरशीवर कडक उन्हात पसरून त्या पूर्ण सुरकुतेपर्यंत वाळवाव्यात. पावसाळ्यात तेवढे ऊन मिळत नसल्यास बादलीत वेगळ्या ठेवून उघडीप मिळेल तेव्हा वाळवाव्यात.