आप्पांचा शोध (सोसायटी ग्रुप, सकाळी ७ पासून)

नितीन (ए-२०३): सगळ्यांना विनंती. आप्पा काल संध्याकाळी सव्वासहाला खाली उतरले ते अजून परतले नाहीत. पांढरा सदरा, करडी पँट, निळ्या स्लीपर. त्यांचं विसरणं किती वाढलंय ते तुम्ही जाणताच. पोलिसांत रात्रीच तक्रार दिली.

शोभाकाकू (बी-१०४): नितीन, माझ्या भावाच्या ओळखीत एक जण आहेत. नकाशावर लोलक धरून हरवलेल्या माणसाची जागा सांगतात, पैसे घेत नाहीत. आप्पांचा फोटो पाठवला होता. नदीपलीकडे, पाण्याजवळ असं आलंय.

नितीन: मी आणि दाजी तिकडेच निघतोय काकू.

सावंत (बी-३०३): आमच्या गावाला विहिरीची जागा पाणाड्याच दाखवतो. तळहातावरचा नारळ उभा राहतो, मी डोळ्यांनी पाहिलंय.

देशपांडे (सी-३०१): नितीन, गाडी काढण्याआधी एवढं वाच. शोभाताई, तुमची माया कळते, राग मानू नका. माझे धाकटे मामा असेच घरातून निघून गेले होते. एका गृहस्थांनी लोलक फिरवून धरणाचा काठ सांगितला. आम्ही अकरा माणसांनी दोन दिवस तो काठ पिंजून काढला. मामा तिसऱ्या दिवशी घरापासून दीड किलोमीटरवरच्या एका रुग्णालयात मिळाले, ‘अनोळखी पुरुष’ म्हणून नोंद होती. पहिल्या रात्री तिथे विचारलं असतं तर ते आमच्याशी बोलले असते. त्या गृहस्थांनी फसवलं असं मी आजही म्हणत नाही, त्यांचा मनापासून विश्वास होता.

सावंत, नारळ उभा राहतो आणि लोलकही हलतो, यात खोटं काही नाही. हलवतो तो हातच, धरणाऱ्याला मात्र ते जाणवत नाही. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे स्वतःवरच तपासून १८३३ साली छापलं. पाऱ्यावर धरलेला लोलक डोलायचा, मध्ये काच सरकवली की थांबायचा. मग त्याने डोळे बांधून घेतले आणि काच दुसऱ्याला सरकवायला लावली. आता काच आहे की नाही याने काही फरक पडेना! हातातला लोलक धरणाऱ्याच्या मनातलंच सांगतो. आणि त्या गृहस्थांनी आप्पांना कधी पाहिलेलंही नाही. विहिरीचं वेगळं, जमिनीखाली बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच. आप्पा एकाच जागी आहेत.

शोभाकाकू: पण भाऊ, दोन्हीकडे शोधायला काय हरकत आहे?

प्रिया (सी-५०२): काकू, मी ॲडलेडहून लिहितेय. इथल्या ग्लेनेल्गच्या किनाऱ्यावरून २६ जानेवारी १९६६ ला तीन लहान भावंडं नाहीशी झाली. नेदरलँड्सहून जेरार्ड क्रोइसेट नावाचे द्रष्टे आले. त्यांच्याकडे लोलक नव्हता, ‘मला दिसतं’ म्हणायचे. मुलं एका गोदामाच्या नव्या काँक्रीटखाली आहेत, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी वर्गणी काढून १९६७ मध्ये ते खणलं, १९९६ मध्ये पुन्हा खणलं. काही मिळालं नाही. मुलं आजही बेपत्ता आहेत. एकदा जागा सांगितली गेली की ती मनातून निघत नाही, तीस वर्षांनी पुन्हा खणायला लावते.

देशपांडे: शोभाताई, दोन्हीकडे जायला माणसं कुठे आहेत? आठ जण, दोन गाड्या. विसरण्याचा आजार असलेली माणसं बहुतेक वेळा जवळपासच सापडतात. वाट असेल तोवर चालतात, अडली की तिथेच बसतात. झुडपात, गटाराकडेला, बांधकामाच्या जिन्याखाली. हाकेला ओ देतीलच असं नाही, म्हणून वाकून बघत जा. मेडिकल आणि डेअरीचं फुटेज आजच मागा, काही दिवसांत पुसलं जातं. रुग्णालयांत नाव विचारू नका, वर्णन सांगा. नितीन, आप्पा आधी कुठे राहायचे?

नितीन: रेल्वे लाइनजवळच्या चाळीत. ती पडून वर्षं झाली. गेल्या आठवड्यात दोनदा म्हणाले, घरी जायचंय.

सचिव: फुटेज बघितलं. ६ वाजून १७ मिनिटांनी गेटमधून डावीकडे, शाळेच्या बाजूने. हातात पिशवी आहे.

नितीन: गाडी वळवतोय. शाळेमागच्या बंद कंपनीतून चाळीची जुनी पायवाट जायची. कुणीतरी टॉर्च घेऊन या, आत अंधार असतो.

सावंत: आलोच.

शोभाकाकू: मीही येते. पाण्याची बाटली आणि त्यांची शाल घेतलीये.