मदत हवी आहे: ओटीजीमधले (विजेच्या छोट्या ओव्हनमधले) छोटे फुगीर पॅनकेक सगळे एकसारखे फुगत नाहीत

नमस्कार मंडळी, बेकिंगवाल्यांना विचारतेय. याच विषयावर आधी धागा असेल तर लिंक द्या, शोधायला वेळ नाहीये.

आमचं गुहागर तालुक्यात समुद्राजवळ छोटंसं होमस्टे आहे, जेवणखाण सगळं घरचंच. येत्या रविवारी पुण्याची दहाजणांची मंडळी येतायत, ती सकाळी समुद्रावर जाणार आणि मग अकराच्या सुमाराला त्यांना नाश्ता-जेवण एकत्रच हवंय, ब्रंच. घावन, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ हे तर आहेच पण त्यातल्या एकीने फोनवर विचारलं की ते ओव्हनमध्ये फुगणारे पॅनकेक असतात ना, डच बेबी, प्रत्येकाला वेगळा छोटा आणि वर फळं, तसं जमेल का. आणि मी हो म्हटलं. (आमच्या सासूबाईंच्या मते मला 'बघते' हा शब्दच येत नाही.)

करतेय ते असं: ३ अंडी, अर्धा कप मैदा, अर्धा कप दूध, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, परसातलंच जायफळ किसून. मिक्सरला फिरवायचं, ओटीजी २२० अंशांवर तापवायचा, सहा खळग्यांच्या मफिन ट्रेत थोडं थोडं बटर घालून त्यावर पीठ ओतायचं. बेकिंग पावडर, सोडा काही नाही.

होतं काय की मागच्या बाजूचे दोन टोपी घातल्यासारखे मस्त वर येतात, पुढचे दोन कसेबसे अर्धे आणि मधले दोन ढिम्म, जागचे हलतच नाहीत. जे फुगलेत तेही बाहेर काढल्यावर मिनिटभरात बसतात. आत ओलसर राहतं, अंड्याचा वास येतो आणि तळाशी बटर काळं पडतं ते वेगळंच.

माहिती म्हणून सांगते, ओटीजी २८ लिटरचा, १५०० वॅटचा. अंडी घरच्या कोंबड्यांची, दूध शेजारच्या म्हशीचं. सकाळी वाडीतले पंप सुरू झाले की आमच्याकडे लाईट मंद होते, फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर १८० व्होल्ट वगैरे दिसतं, त्याचा काही संबंध असेल का? आणि वर घालायला काय काय चालेल, हापूस शेवटचा शेवटचा आहे, करवंदं आहेत, जांभळं यायला लागलीत, केळी बारा महिने. क्रीम फेटून ठेवलं तर या हवेत पाच मिनिटांत पातळ होतं. दहातले दोघं अंडं खात नाहीत, त्यांचं काय करू तेही सुचवा. प्लीज लवकर.

प्रतिसाद:
वहिनी, बसतात ते बसणारच, ते आधी डोक्यातून काढून टाका. यात फुगवणारी फक्त वाफ असते, दुधातल्या आणि अंड्यातल्या पाण्याची, अंडं आणि मैदा मिळून ती कोंडून धरतात, बाहेर काढलं की वाफ निवते आणि मधे खड्डा पडतो. इंग्रजांचं यॉर्कशायर पुडिंगही याच तत्त्वावर. कडा मात्र उभ्या आणि कुरकुरीत राहायला हव्यात. फळं त्या खड्ड्यातच घालायची.

आता गोम कुठे आहे, तर घरच्या कोंबड्यांच्या अंड्यांत. रेसिपीतलं अंडं कवच काढून साधारण ५० ग्रॅम धरलेलं असतं, गावठी अंडं कवचासकट ३५-४० ग्रॅम भरतं, म्हणजे तुमची तीन अंडी ही रेसिपीतली दोनच झाली. नग मोजू नका, मापाच्या कपात फोडा, १५० मिली व्हायला हवीत, त्याला चार लागोत नाहीतर पाच. आणि फ्रिजमधली असतील तर तासभर आधी बाहेर काढा. म्हशीचं दूध दाट असतं, साय बाजूला काढून अर्ध्या कपातलं पाव भाग पाणी करा, हलकं होतं आणि वाफही जास्त धरते. फिरवल्यावर अर्धा तास पीठ झाकून ठेवा, फेस बसू दे.

व्होल्टेजचा संबंध आहेच, आणि चांगलाच आहे. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर जाते, २३० च्या जागी १८० आले तर तुमचा १५०० वॅटचा ओटीजी जेमतेम ९०० वॅटचा होतो. बटणावर २२० अंश लिहिलंय म्हणून आत २२० अंश असेलच असं नाही. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो तो घ्या, प्रीहीट दहा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटं करा आणि निदान तुमचा स्वतःचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा.

ट्रे रिकामाच आत ठेवून तापवायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. तापला की खळग्यांत साजूक तूप, बटर नको, बटरमधला दुधाचा अंश जळून काळा होतो, तुपात तो नसतो. पीठ तोटीच्या मगमध्ये घेऊन तयार राहा, ओतलं की चर्र आवाज यायला हवा, नाही आला तर ट्रे परत आत. खळगा अर्धाच भरा. दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या नाहीतर खालच्या खाचेत, वरच्या कॉइलजवळ गेला तर वरची साल आधी कडक होते आणि मग पीठ वर येऊच शकत नाही. पहिली बारा मिनिटं दार उघडायचं नाही, मोह झाला तरी काचेतून बघा. चांगले तांबूस झाले की प्रत्येकाला सुईने एक भोक पाडून अजून दोन-तीन मिनिटं ठेवा, आतली वाफ निघून जाते, ओलसरपणा जातो आणि वासही बराच जातो. वासाला लिंबाची किसलेली साल उत्तम.

मधले दोन ढिम्म कारण त्यांना तीन बाजूंनी थंड पिठाचे शेजारी, उष्णता पोचतच नाही. मधले खळगे रिकामे ठेवा.

धागाकर्ती:
बापरे किती सविस्तर, खूप आभार. अंड्यांचं तर कोणी सांगितलंच नव्हतं! पण मधले रिकामे ठेवले तर एका वेळी चारच होणार हो, आणि माणसं आठ, प्रत्येकी दोन धरले तरी चार घाणे. अकरा वाजता सगळे एकदम ताटं पुढे करून बसणार. स्टीलच्या वाट्यांत करू का मग? त्या भरपूर आहेत.

प्रतिसाद:
स्टीलच्या वाट्या पातळ असतात, पीठ पडल्या पडल्या गार होतात. बिडाचं काही आहे का घरात? जड भांडं उष्णता धरून ठेवतं. बिडाच्या आप्पेपात्रात केलेत मी, घासाघासाचे होतात पण लहान मुलं तुटून पडतात.

प्रतिसाद:
गो बाय, आप्पेपात्राक लाकडी दांडो असलो तर ओव्हनात घालू नको हां, जळान जातलो. आणि नॉनस्टिकचा तर अजिबात नको, रिकामा इतक्या तापवूचा नसता.

प्रतिसाद:
एकदम वाढायचा हट्ट सोडा की. आधी घावन-उसळ जाऊ दे पानात, तोवर पहिला घाणा, मग तव्यावरून घावन येतात तसे येतील तसे गरम गरम वाढा. कोकणात पाहुण्याला घावन वाढताना आपण कुठे दहा एकदम करतो? अगदीच हवे असतील तर पहिले दोन घाणे आधी करून जाळीवर गार करा (ताटात नको, खालून ओले होतात) आणि वाढताना पाच मिनिटं परत ओव्हनमध्ये, कडा पुन्हा कुरकुरीत होतात. पीठ रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं, सकाळी मात्र थंड ओतू नका.

प्रतिसाद:
फळांचं मी सांगते, देवगडची आहे म्हणजे आंब्यावर बोलायचा हक्क आहे :)
हापूसच्या बारीक फोडी करा, साखर लावून ठेवू नका, पाणी सुटतं आणि पॅनकेक भिजतो. वाढताना लिंबाचे दोन थेंब, बस. या दिवसांतला हापूस गोडीला उतरलेला असतो म्हणून लिंबू हवंच. करवंदं थोड्या साखरेवर शिजवून गाळून घ्या, चीक आणि बिया दोन्ही जातात, रंग असा सुंदर येतो की फोटोवाली मंडळी खूश. कोकम वापरायचं तर अमृत कोकमाचं सिरप आटवून घ्या. आगळ नको! ते खारट असतं, सोलकढीचं. बाटल्या सारख्याच दिसतात म्हणून ओरडून सांगतेय.

क्रीमऐवजी चक्का. रात्री दही टांगून ठेवा, सकाळी पिठीसाखर आणि वेलची, या उकाड्यातही तासभर उभा राहतो. अननस मात्र चक्क्यात कालवून ठेवू नका, कच्च्या अननसाने दूध-दही कडू होतं. पिठीसाखर भुरभुरायची ती अगदी पानात गेल्यावर, आपल्या दमट हवेत ती दोन मिनिटांत विरघळते.

आणि केळ्याला कमी लेखू नका. वेलची केळी उभी चिरून तुपात, वर गूळ, कडेला थोडी करपली की काढा. मला विचाराल तर हापूसपेक्षा हेच जास्त शोभतं, कारण आंबा गार आणि पॅनकेक गरम, जीभ गोंधळते.

प्रतिसाद:
देवगडच्या बाईंनी हापूसपेक्षा केळं बरं म्हणावं, घोर कलियुग!

अंडं न खाणाऱ्यांसाठी याचंच बिनअंड्याचं करायच्या नादी लागू नका. अंड्यावरच तर ते फुगतं, दही-सोडा घालून जे होतं तो जाड केक होतो, वाईट नाही पण हे नाही. त्या दोघांना खापरोळी करा, म्हणजे तांदूळ-उडदाची जाड आंबोळी, नारळाच्या दाट दुधात गूळ-वेलची घालून. आणि बघा, बाकीचे आठजण पॅनकेक टाकून तिच्याकडेच वळतील.

धागाकर्ती:
खापरोळी! सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या तांदूळ-उडीद शनिवारी दुपारीच भिजत घालते, म्हणजे ते खातं त्यांच्याकडे गेलं. तो नारळाच्या दुधाचा रस पॅनकेकच्या खड्ड्यात घातला तर चालेल का पण, केळ्याबरोबर? की लगेच मऊ पडेल?

प्रतिसाद:
चालेल, फक्त पॅनकेकवर ओतू नका, प्रत्येकाला वाटीत वेगळा द्या. ज्याला हवा तो बुडवून खाईल.